मॅडमचे इंग्रजी शब्द

रविवारी सकाळी करावे गावातून मासळी आणायची ती आम्ही दोघींनीच, मी आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माझ्या मैत्रिणीने. सोसायटी नवीन होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. कोलंबीचा एकच वाटा घ्यायचा आणि तिथेच उभ्या उभ्या अर्धा अर्धा करायचा. मोठी कुणाच्या पिशवीत, बारीक कुणाच्या, यावरून भांडायचं आणि हसायचं. तेवढ्या वेळासाठी मी अख्खा आठवडा काढायचे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग सी विंगमध्ये मॅडम राहायला आल्या. इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच. एका रविवारी मैत्रिणीने त्यांना बरोबर घेतलं, मला न विचारता. कोळीण टोपलीमागून म्हणाली, "आज तिगी कशा गो? वाटा दोगींचाच लावलाय." मला तिचे हात धरावेसे वाटले. पण मैत्रीण म्हणाली, "मावशी, तीन कर ना." झालं, केले तिने तीन.

मॅडमना एक खोड होती. चालता चालता एखादा साधा इंग्रजी शब्द घ्यायच्या आणि तो आला कुठून ते सांगायच्या. विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. कंपॅनियन म्हणजे ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातो तो. मैत्रीण "अय्या, खरंच?" म्हणत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. इतकी वर्षं मी हिला माझ्या सासूचे एकेक किस्से सांगितले, त्यांना असा अय्या कधी मिळाला नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. घरी येऊन मी कोलंबी अशी रगडून धुवायचे की नवरा म्हणायचा, "अगं, तिने काय केलंय तुझं?"

एकदा मीही मोबाईलवर शोधून एक शब्द पाठ करून गेले. मॅडमनी तो इतक्या प्रेमाने दुरुस्त केला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गेल्या रविवारी मैत्रिणीचा गुडघा दुखत होता, म्हणून मॅडम आणि मी, दोघीच गेलो. जाताना मी मुद्दाम दोन पावलं पुढेच चालले. येताना खाडीच्या बाजूला त्या थांबल्या.

"रायव्हल शब्द माहीत आहे ना तुम्हाला? लॅटिनमध्ये रीव्हस म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रायव्हल. पाणी एक, म्हणून भांडणं." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पण शेजारीच हो शेवटी."

मला समजायचं ते समजलं. राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट छाती फुगली. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी, फक्त माझ्यासाठी काढला होता. मैत्रिणीकडे नाही असं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे होतं. वाटेत मी त्यांची पिशवीसुद्धा धरली.

मैत्रिणीची कोलंबी द्यायला तिच्या दारात गेले आणि चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ओढा, पाणी, भांडणं, शेजारी. आणि तिच्या अय्याची वाट बघत उभी राहिले.

तिने पिशवी हातात घेतली. "हो गं, परवाच फोनवर सांगितलं मला त्यांनी," ती म्हणाली, "तुझाच विषय चालला होता आमचा."