राजांच्या आधीचा घास

“खा,” मामासाहेब म्हणाले. “सगळी खा.”

त्यांनी पातेलं माझ्यापुढे आपटलं. त्यात चार दिवसांपूर्वीची उसळ होती, तळाला दोन-तीन डाव उरलेली. फ्रिजमध्ये ठेवली होती तरी आंबली होती. मंगळवारी राजांना हॉस्पिटलात हलवल्यावर मामासाहेबांनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं होतं आणि किल्ली कोटाच्या खिशात ठेवली होती. आज बुधवार. सकाळचे दहा वाजले होते. मला हॉस्पिटलात येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तिथल्या लोकांना सांगून ठेवलं होतं.

मी खाल्ली. हातानेच खाल्ली, पातेल्यातून. ते समोर खुर्ची ओढून बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

“अर्धा तास,” ते म्हणाले. “तुमचाच नियम आहे ना?”

मी बोटाने पातेलं पुसून घेतलं. वीसेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात फोन वाजला. मामासाहेबांनी घेतला, दोनदा ‘येस’ म्हणाले आणि खाली ठेवला.

“राजे गेले.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आणि तू बसलीयेस इथं धडधाकट.”

मला खरंच काही झालं नव्हतं. मळमळसुद्धा नाही.

“म्हणजे उसळीत नव्हतं,” ते म्हणाले. “मग कशात घातलंस?”

हा प्रश्न मीच त्यांना विचारणार होते.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगते. तनखे बंद व्हायच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट, साउथहॅम्प्टनची. आमचं संस्थान दख्खनेतलं, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाईल एवढं. घराणं मात्र यादवांच्याही आधीचं म्हणत. देवघरात एक ताम्रपट होता. तो कुणालाच वाचता येत नव्हता, पण दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. राजांची आई बाळंतपणातच गेली. वडील घोड्यावरून पडून गेले तेव्हा राजे चार वर्षांचे होते. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, उरला होता किताब आणि तनखा. तरी आजीसाहेबांनी नातवाला मांडीवर घेऊन गादीवर बसवलं. भटजींचे मंत्र चालू असताना राजे झोपले. चारशे माणसं पाया पडून गेली, त्यांना पत्ताच नाही.

सहाव्या वर्षी त्यांना हिवताप आला. सरकारी डॉक्टरने गोळ्या दिल्या. ताप उतरला, पण तिसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. आठ-दहा दिवसांत आपोआप बरे झाले. आजीसाहेब म्हणाल्या, विषप्रयोग. कुणी केला, हेही त्यांनी ठरवून टाकलं: मामासाहेबांनी. मामासाहेब म्हणजे राजांच्या आईचे सख्खे भाऊ. सरकारने त्यांनाच पालक नेमलं होतं, सगळा कारभार त्यांच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी आजीसाहेबांनी मला मुदपाकखान्यातून बोलावलं. मी तिथं भाजी निवडायची. विधवा, पोरबाळ नाही, शाळा चौथीपर्यंत. माझ्यामागे रडणारं कुणी नव्हतं, म्हणून माझी निवड झाली. काम एकच. राजांच्या पानातला प्रत्येक पदार्थ आधी मी खायचा, मग अर्धा तास थांबायचं. मी मेले नाही तर राजांनी जेवायचं.

दहा-अकरा वर्षं मी हे केलं. त्यामुळे राजांनी तेव्हापासून गरम अन्न खाल्लं नाही. गार वरणाला ते वरण म्हणायचे. लहानपणी एकदा लग्नात कुणीतरी त्यांना वाफाळती जिलबी दिली, तर ती त्यांनी फेकून दिली. म्हणाले, ही बिघडली आहे.

मी मामासाहेबांवर डोळा ठेवून होते आणि मामासाहेब माझ्यावर. मी आजीसाहेबांची माणूस, आणि उद्या त्यांनी सांगितलं तर मामासाहेबांचा आणि राजांच्या भाऊबंदांनी सांगितलं तर राजांचाही घातपात मीच करीन, असं त्यांचं मत होतं. माझ्या हातचं ते पाणीसुद्धा पीत नसत. मी असले तिथं ते सालातलंच खायचे. उकडलेलं अंडं, केळं, संत्रं. अंडंसुद्धा स्वतः उकडायचे आणि भांड्याशी उभे राहायचे.

राजे सोळाचे झाल्यावर मामासाहेबांनी त्यांना शिकायला विलायतेत आणलं. मामासाहेबांना लंडनमध्ये नोकरी लागली होती. समुद्रापलीकडे नेऊन काय करायचंय ते उघड आहे, असं आजीसाहेब म्हणाल्या, आणि मलाही बोटीत बसवलं. साउथहॅम्प्टनला गोदीजवळ एक घर भाड्याने घेतलं. तिथं राजे आणि मी. मामासाहेब शनिवारी ट्रेनने येत, रविवारी जात. पुढच्या जानेवारीत राजे अठराचे होणार होते आणि मामासाहेबांचं पालकपण संपणार होतं. मी महिने मोजत होते. तेही मोजत असतील, असं मला वाटायचं.

राजांना मात्र इथं बरं वाटलं. बसने कॉलेजला जायचे. त्यांना बोटीची इंजिनं शिकायची होती. एकदा हसत घरी आले. “आक्का, आज एकाने विचारलं, तुझे वडील काय करायचे. मी सांगितलं, राजे होते. तो म्हणाला, माझे पोप आहेत.” त्यांना इतकं हसू येत होतं की बूट सोडता येईनात.

जूनमधला तो शनिवार. सकाळी मी भाजीवाल्याकडे गेले तर पाटीत शेंगा. हिरव्यागार, बोटापेक्षा जाड, आत कापसासारखं अस्तर. दाणा पावट्यासारखाच, पण दुप्पट मोठा. मी म्हटलं, विलायतेत माणसं मोठी तसा पावटाही मोठा. राजांना पावट्याची उसळ फार आवडायची आणि दीड वर्षात ती मिळाली नव्हती. मी पिशवीभर घेतल्या.

मामासाहेब दुपारी आले, येताना चॉकलेटचा डबा घेऊन. मी त्यातलं एक खाल्लं. पण डब्यात वीस-पंचवीस होती आणि प्रत्येक वेगळ्या कागदात. एकाने काय कळणार?

संध्याकाळी राजे माझ्याबरोबर शेंगा सोलायला बसले. सोलता सोलता दाणे तोंडात टाकत होते.

“राजे, थांबा. आधी मला चाखू द्या.”

“प्रत्येक दाणा चाखणार? उद्या सकाळी जेवू मग आपण.” त्यांनी मामांपुढे एक शेंग धरली. “मामा, घ्या की. ही तर सालातली आहे. तुमच्या धर्मात बसते.”

मामासाहेब हसले. तसे ते क्वचित हसायचे. पण शेंग घेतली नाही. “पिशवी कुणी आणली?” एवढंच म्हणाले, आणि अंडी उकडायला उठले.

उसळ छान झाली. गोडा मसाला देशातून आणलेला होता, आमसूल होतं, गूळ नव्हता म्हणून साखर घातली. राजे वाटी घेऊन चुलीशी येऊन उभे राहिले.

“आक्का, एकदा गरम वाढ. एकदाच. शेंगा तू आणल्यास, केलीस तू. आता विष कोण घालणार, तूच ना?”

मी एक घास खाल्ला आणि लगेच वाढली. अर्धा तास थांबले नाही. ते फुंकर मारत, हाय हाय करत तीन वाट्या जेवले. दुसऱ्या दिवशी दुपारीही तीच मागितली.

रविवारी संध्याकाळी मामासाहेब लंडनला परत गेले. त्यानंतर तासाभरात राजे म्हणाले, कंबर दुखतेय. सोमवारी सकाळी उठले तर डोळे पिवळे होते. मोरीत जाऊन आले आणि मला म्हणाले, “आक्का, बघ.” कोरा चहा. सहाव्या वर्षी होती तशीच.

मला सगळं कळलं, असं मला वाटलं. चॉकलेटचा डबा मी गोदीत नेऊन पाण्यात फेकला. राजांना मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं. विषावर तेच करतात. दुपारी घरमालकिणीने त्यांना पाहिलं आणि लंडनला मामासाहेबांना फोन केला. मामासाहेबांनी तिकडूनच इथल्या डॉक्टरला पाठवलं. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. मी विचार केला, ज्याने विष घातलं त्यानेच डॉक्टर पाठवला. म्हणजे सुई कसली असेल? मी राजांच्या खोलीला आतून कडी लावली.

डॉक्टर दार ठोठावून गेला. संध्याकाळी परत आला. मी उघडलं नाही.

“आक्का, येऊ दे त्यांना,” राजे म्हणाले. त्यांना धाप लागत होती.

“आजीसाहेबांना वचन दिलंय मी.”

“मग चहा तरी दे.” आणि म्हणाले, “गरम.”

मंगळवारी पहाटे मामासाहेब पहिल्या ट्रेनने आले, घरमालकिणीच्या नवऱ्याला घेऊन दार फोडलं आणि राजांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. मी मागे धावले तर मला दंडाला धरून घरात ढकललं. पुढचं वर लिहिलंच आहे.

फोन आल्यावर मामासाहेब पोलिसाला घेऊन आले. पोलिसाने वहीत लिहून घेतलं. डबा कुठाय, असं मामासाहेबांनी विचारलं. मी सांगितलं, समुद्रात. ते म्हणाले, बघा. मी म्हटलं, तुम्हीच तर आणला होता. पोलिसाला मराठी येत नव्हतं, पण आम्ही दोघं काय म्हणतोय ते त्याला कळत असावं. तो एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता.

शुक्रवारी हॉस्पिटलने आम्हाला दोघांना बोलावलं. तिथं एक पुण्याकडचा तरुण डॉक्टर होता. त्याने राजांना रक्त चढवलं होतं, रात्रंदिवस बसला होता. तो मराठीत बोलला तेव्हा मला आधी संशयच आला, हा कुणी पाठवला म्हणून.

“बाई, त्यांनी काय खाल्लं ते तुम्हीच सांगा. हे मामा नुसतं विष विष म्हणतात.”

मी सांगितलं. पावट्याची उसळ.

“पावटा? इथं?”

मी घरातून राहिलेल्या चार शेंगा नेल्या होत्या. त्याने एक हातात घेतली आणि नखाने सोलून दाणा बाहेर काढला.

मग त्याने सांगितलं ते असं. हा पावटा नव्हे. दिसायला त्याच्या कुळातला, पण वेगळा. इथली माणसं रोज खातात, त्यांना काही होत नाही. बाई, तुम्हालाही होणार नाही, पातेलंभर खाल्लंत तरी. पण काही माणसांच्या रक्तात जन्मतः एक उणीव असते. ती आईकडून मुलाला येते. एरवी कळतसुद्धा नाही. हा दाणा पोटात गेला की अशांचं रक्त अंगातल्या अंगात फुटायला लागतं. हिवतापाच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं.

म्हणजे सहाव्या वर्षी विष नव्हतंच. माझी नेमणूकच ज्यासाठी झाली, ते घडलंच नव्हतं.

“आईकडून?” मामासाहेबांनी विचारलं.

“हो. तुमचंही रक्त द्या तपासायला.”

त्यांचं रक्त तपासलं. तीच उणीव निघाली. डॉक्टरने विचारलं, ही शेंग तुम्ही कधी खाल्ली होती का? मामासाहेब म्हणाले, “मी हिच्या हातचं काही खात नाही.”

“म्हणून वाचलात,” डॉक्टर म्हणाला.

मामासाहेब उठून बाहेर गेले. मी तशीच बसून राहिले. मला एक विचारायचं होतं.

“डॉक्टर, सोमवारी आणलं असतं तर?”

तो समोरचे कागद सारखे करायला लागला. “किडनी मंगळवारपर्यंत बंद पडली होती,” तो म्हणाला. “सोमवारी... बहुतेक.”



राजांना तिथंच अग्नी दिला. मामासाहेब रक्षा घेऊन देशात गेले. आजीसाहेबांनी दत्तक घ्यायचं ठरवलं, पण सरकारने मानलं नाही. त्या वारल्या. मग तनखेच बंद झाले आणि प्रश्न मिटला. ताम्रपट कुणाकडे गेला, मला माहीत नाही. मी देशात परत गेले नाही. तिथं मी राजांना मारणारी बाई होते. कुणी म्हणायचं मुद्दाम, कुणी म्हणायचं मूर्खपणाने. दुसरं खरं होतं, म्हणून भांडायला तोंड नव्हतं.

मी इथंच एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम धरलं आणि सत्तरचं सगळं दशक तिथं काढलं. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने बजावलं, पेशंटचं अन्न चाखायचं नाही. मी तिला म्हटलं, बरं. जूनमध्ये त्या शेंगांची पोती यायची. बाकीच्या बायका सोलायच्या, मी भांडी घासायला जायची.

मामासाहेब एकदा येऊन गेले. म्हातारे झाले होते. मी चहा ठेवू का विचारलं. ते नको म्हणाले, खिशातून संत्रं काढलं, माझ्या टेबलाशी बसून सोललं आणि अर्धं मला दिलं. मी ते खाल्लं. मी आधी खाल्लं, मग त्यांनी खाल्लं. 

त्या शनिवारी शेंगांच्या टेबलाशी आम्ही तिघं होतो. राजे सतरा वर्षांचे होते. मामासाहेब जगले आणि मी जगले.