खपल्या वाचणारी

गोल्फ क्लबच्या सरावाच्या मैदानावर ती बावीस वर्षं गवताची डागडुजी करत होती. खेळणाऱ्यानं काठी फिरवली की चेंडूबरोबर गवताची एक खपली उडते. ती उचलायची, खड्ड्यात वाळू आणि बी भरायचं, पायानं दाबायचं आणि पुढं सरकायचं. सगळे तिला माळीणबाई म्हणायचे.

इतके खड्डे बुजवल्यावर तिला त्यांची भाषाच कळायला लागली होती. खोल खड्डा म्हणजे काठी कुऱ्हाडीसारखी वरून आली. डावीकडं वळलेला म्हणजे चेंडू बहुतेक उजवीकडच्या झाडीत. पण हे ती कुणाला सांगायला जायची नाही.

मग वकीलबाई आल्या. नव्या सभासद, चाळिशीच्या. क्लबच्या कोचकडं वर्षभर शिकूनही त्यांचा चेंडू दहा पावलांवर लोळत थांबायचा. एका सकाळी त्या अगदी रडकुंडीला आल्या, तेव्हा माळीणबाईला राहवलं नाही.

“बाई, तुमचा खड्डा चेंडूच्या मागं पडतोय. तो पुढं पडायला हवा.”

“म्हणजे?”

“आधी चेंडू, मग माती. तुम्ही मागच्या पायावर रेलून चेंडू उचलायला बघताय. तो उचलायचं काम काठीचं. तुम्ही फक्त भार पुढच्या पायावर येऊ द्या.”

तिनं खांद्यावरचा टॉवेल घडी करून चेंडूच्या मागं वीतभर अंतरावर ठेवला. टॉवेलला न शिवता मारायचं. पहिल्या वीस फटक्यांत टॉवेलच उडाला आणि दोघी पोट धरून हसल्या. एकविसाव्याला टक् असा कोरडा आवाज झाला. चेंडू सरळ वर गेला, लांब जाऊन पडला. वकीलबाईंनी तिला मिठीच मारली, मातीच्या हातांसकट.

पुढं चार वर्षं रोज सकाळी अर्धा तास हेच. कोच आठला यायचा, या दोघी सहाला. वकीलबाई थर्मासमधून चहा आणायच्या, दोन कप. ‘ताई’ म्हणायच्या. त्यांची आई गेली तेव्हा मैदानाच्या कडेच्या बाकावर बसून माळीणबाईपाशी रडल्या होत्या.

चौथ्या वर्षी वकीलबाईंनी क्लबची बायकांची स्पर्धा जिंकली. भाषणात कोचचे आभार मानले, कमिटीचे मानले. माळीणबाई मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती. चारचौघांत आपलं नाव कसं घेतील, असं तिनंच स्वतःला समजावलं.

पण कुणीतरी कोचच्या कानावर घातलंच. त्यानं तक्रार केली, की माळीण सभासदांना शिकवते. सेक्रेटरीच्या खोलीत तिला उभं केलं. वकीलबाई समोर खुर्चीत. क्लबच्या बायकांच्या संघाची कॅप्टन कोण, हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं आणि नाव कोच सुचवणार होता.

“हिनं तुम्हाला शिकवलं का?” सेक्रेटरीनं विचारलं.

“छे! ही बाई सरावात मध्ये मध्ये बोलायची. त्रासच व्हायचा. मी दुर्लक्ष करायचे.”

माळीणबाईनं मान वर करून पाहिलं. वकीलबाई टेबलावरच्या पेनाकडं बघत होत्या.

माळ्यांच्या मुकादमानं हातापाया पडून तिची नोकरी वाचवली, पण मैदान सुटलं. तिला टॉवेल धुण्याच्या खोलीत टाकलं. तिसऱ्या दिवशी वकीलबाई तिथं आल्या, हातात नवीन शालीचं खोकं.

“ताई, समजून घ्या ना. माझा नाइलाज होता.”

“नुसतं ‘नाही शिकवलं’ म्हणाला असतात, तर मी गिळलं असतं, बाई. माझ्याही नोकरीचा प्रश्न होता, मीही तेच म्हणाले असते. पण ‘त्रास व्हायचा’ हे कुठून आणलंत? ते तर कुणी विचारलंही नव्हतं.”

वकीलबाई खोकं धुण्याच्या मशीनवर ठेवून निघून गेल्या. त्याच संध्याकाळी माळीणबाईनं ते मुकादमाच्या हाती परत पाठवलं.

“चार वर्षं तिला खरंच त्रास होत असेल का गं?” घरी तिनं बहिणीला विचारलं.

“वेडी आहेस का? खोटं बोलली ती.”

“तेच ना. मला आता कुठलं खोटं, तेव्हाचं की आताचं, ते कळेनासं झालंय.”

महिन्याभरात तिनं ती नोकरी सोडली. आता ती एका शाळेचं मैदान सांभाळते. मुलं फुटबॉल खेळतात, शिक्षिका गोड बोलतात, डब्यातलं पुढं करतात. ती हसून नको म्हणते आणि आपला डबा घेऊन पंपाच्या खोलीत जाऊन एकटीच खाते.