गोपाळ गुरुजींनी सांगितलेले दोन पंथ

गोपाळ गुरुजींना साठ वर्षं पुरी होतात म्हणून पुस्तक निघतंय, त्यात मीही लिहावं असं मंडळींचं म्हणणं. मोठेपणी मला अक्षरं गुरुजींनीच शिकवली. चुका दिसल्या तर त्यांना विचारा.

पहिली ओळख म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतली. मी बैल बघत होते. गुरुजी तेव्हा रंगूनला तांदळाच्या गिरणीत कारकून, रजेवर आलेले. विकणाऱ्यादेखत म्हणाले, "वैनी, दात बघा. म्हातारा हाय." त्याने शिव्या घातल्या, गुरुजी हलले नाहीत. असा खरं बोलणारा माणूस बघून मी माझा धाकटा लेक चिंतू त्यांच्याबरोबर रंगूनला धाडला.

लढाईत रंगूनवर बॉम्ब पडले, माणसं डोंगरातून पायी निघाली. आमच्या गावी, धसईला, गुरुजी एकटेच पोचले. चिंतू वाटेत तापाने गेला, एवढंच बोलले. आम्ही दहावं-तेरावं उरकलं.

पुढे त्यांनी देवळात बायकांचा वर्ग घेतला. अक्षरं झाली की बुद्धाचं सांगत. रंगूनला ते एका भिक्षूकडे जात, चिनी देवळातही जात.

"ब्रह्मदेशातले म्हणतात, बुद्ध माणूसच. त्याने वाट दाखवली, चालायचं ज्याचं त्याने. चिनी पंथात बुद्ध पुष्कळ. आन बोधिसत्त्व असतात. ते सुटकेच्या दारातून मागे फिरतात. सगळे पार झाल्याबिगर आत जायचं नाय, हा त्यांचा पण. तिबेटात आणखी मंत्रांचा पंथ हाय."

"म्हंजे भावकीच की!" शेजारची ठकी म्हणाली. "वाटण्या झाल्या वाटतं."

बायका हसल्या. मी विचारलं, "गुरुजी, चिंतूला ताप भरला तवा तुमी कोणत्या पंथाचे होता?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. "वैनी, दोन दिवस बसलो. तिसऱ्या सकाळी निघालो. तवा त्याचा श्वास चालू होता. पाणी मागत होता."

ठकी पुटपुटली, "मग तो ब्रह्मदेशातलाच पंथ झाला."

"नाय गो. पडलेल्याला टाकून जा, असं तो पंथ सांगत नाय. मी भिऊन निघालो. त्याला पंथाचं नाव देऊ नका."

साक्षीदार कोणी नव्हता. खोटं सांगून ते गावात मोठे राहिले असते. मी त्यांना माफ केलेलं नाही, हेही या पुस्तकात असू द्या. दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन वर्गाला गेले. तेव्हापासून दर साली गुरुजी न बोलावता आमचं भात झोडायला येतात. मी चहा देते, बसा म्हणत नाही.

गुरुजींना आयुष्य मागायचं, तर मागते. हातपाय धड राहोत, डोकं शाबूत राहो. त्या सकाळी चिंतू शुद्धीवर होता का, गुरुजींना जाताना त्याने पाहिलं का, हे मी अजून विचारलेलं नाही. मला धीर येईपर्यंत त्यांनी जगावं.