हरकतींची मुदत पाचपर्यंत

लॉकडाउनमधला तो रविवार. नेदरलँड्समध्ये, बाडहूव्हडॉर्प गावी लेकीच्या घरी मी मेथी निवडत बसले होते. विमानतळ हाकेच्या अंतरावर, पण माझं परतीचं विमान रद्द झालेलं.

लेक मराठी मंडळाच्या कार्यकारिणीसाठी उभी होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, घरात कोंडलेल्या बायकांना डॉक्टरशी बोलायला, खेमेंटेचं, म्हणजे इथल्या पालिकेचं पत्र समजून घ्यायला कुणीतरी असावं, एवढाच तिचा हट्ट. अशा बायका बहुतेक आमच्याच गावात होत्या, आणि त्या सगळ्यांची मतं तिला मिळणार होती.

"आई, यंदा विभागवार निवडणूक आहे. हा नकाशा. पोस्टकोडनुसार केलाय म्हणे."

मी चष्मा चढवला. गावाच्या मुख्य रस्त्यावरून रेघ गेली होती. अलीकडची घरं अ‍ॅमस्टरडॅम विभागात, पलीकडची द हेगमध्ये. दोन्हीकडे आमच्या बायका मूठभर आणि मंडळाच्या सध्याच्या सचिवांची माणसं ढीगभर.

अशी रेघ मी ओढली होती.

पंचविशीत मी एका नगरपालिकेत कारकून होते. काय तो तोरा! पर्समध्ये तीन रंगांच्या पेन्सिली आणि आपण रजा घेतली तर गावाचं पाणी बंद होईल अशी खात्री. निवडणुकीआधी प्रभाग पाडायचे होते. सत्तेतले एक पुढारी नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "ही वस्ती एकाच प्रभागात नको." तिथून बालवाडीच्या बाई उभ्या राहणार होत्या आणि अख्खी वस्ती त्यांच्या मागे होती. मी बावळट इतकी हुशार, की वस्तीच्या मधून वाहणारं गटारच हद्द म्हणून दाखवलं. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नैसर्गिक सीमा'. हरकती मागवायची नोटीस लावली ती दारामागच्या फळ्यावर. दार दिवसभर उघडं, म्हणजे नोटीस दिवसभर झाकलेली. साहेबांनी शाबासकी दिली आणि मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

बाई पडल्या. नंतर कचेरीत येऊन एवढंच म्हणाल्या, "पोरी, ते गटार झाकून घ्यायलाच तर मी उभी होते गं."

हे मी घरात कधीच सांगितलं नव्हतं. लेक जगाला सांगत फिरायची, की माझ्या आईनं नोकरीत एक कागद वाकडा केला नाही.

"हरकती कधीपर्यंत?" मी विचारलं.

"आज पाचपर्यंत. लॅपटॉपवर सभा चालूच आहे की."

साडेचार वाजून गेले होते. "आणि हे कळवलं कधी?"

तिनं फोनवर मंडळाचा ग्रुप वर सरकवत नेला. आठवड्यापूर्वीचा मेसेज होता, केळ्याच्या केकची कृती आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या मध्ये दडलेला.

"आवाज चालू कर माझा," मी म्हटलं.

सचिव हसले. "काकू, नमस्कार! अहो, पोस्टकोडचा विषय आहे हा, राजकारण नाही."

"रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोस्टकोडचे आकडे एकच आहेत."

"तांत्रिक बाब आहे, काकू. तुम्हाला नाही कळायचं."

"कळतं. मी स्वतः केलंय हे."

आणि मी सांगितलं. पुढारी, गटार, फळा, सगळं. लेक पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे न बघता बोलत राहणं, हे त्या दुपारचं सगळ्यात अवघड काम.

रस्त्यापलीकडच्या एका मुलीनं माइक चालू केला. "इथल्या संसदेला अख्खा देश म्हणजे एकच मतदारसंघ आहे. आपल्यालाच एवढ्या रेघा कशाला?" मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. पाचाला चार मिनिटं असताना सचिवांनी नकाशा 'फेरविचारासाठी' मागे घेतला.

लेकीनं लॅपटॉप मिटला.

"त्या बाई पुढे निवडून आल्या?"

"पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत."

तिनं माझ्यासमोरची मेथीची देठं गोळा केली.

"नकाशा मागे घेतला ते बरं झालं," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी तू कुणाला फोन करू नकोस, आई. मतं माझी मी मागेन."

मी मान हलवली. पलीकडच्या खोलीत जाऊन ती एकेकीला फोन लावू लागली. दार तिनं आतून लावून घेतलं होतं.