देवघरातलं पत्र

“थांबा, उंबऱ्याच्या आत नका येऊ. पत्र आमच्या देवघरात असते.”

भंडाऱ्यातल्या त्या घरचे काका असं बोलले अन् मी चपला काढून दारातच उभा राहिलो. फोनवर हेच काका किती गोड होते! “या, या, आजकाल अशी आवड कोणाले असते?” दारात आल्यावर त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. गोडी तिथंच संपली.

मी वरठीच्या कारखान्यात कामाले आहो. सुट्टीच्या दिवशी गाडी काढतो अन् जुन्या सुधारकांच्या हातची पत्रं शोधत फिरतो. कोणी देत नसलं तर फोटो काढून आणतो. बायको म्हणते, “लोकं प्लॉट घेऊन राहिले, अन् तुमाले काहून एवढा रद्दीचा नाद?” म्हणू दे. त्या माणसांनी आमच्यासाठी शिव्या खाल्ल्या, अंगावर शेणाचे गोळे झेलले.

हे पत्र मले सगळ्यात जास्त पाहिजे होतं. एका सुधारकानं काकांच्या पणजोबाले, म्हणजे गावच्या शाळेच्या मास्तरले, लिहिलेलं. गावातल्या अस्पृश्यांच्या पोरांना शाळेत घ्या, ओट्यावर नाही, आत बसवा, असं त्यात आहे म्हणे. आमच्या इकडच्या पोरांसाठी कोणी असं लिहिलेलं दुसरं पत्र मले अजून गावलं नाही.

काकांनी ते देवापुढून उचलून आणलं. अरे बापरे! दर दसऱ्याले पुस्तकांसोबत त्याचीही पूजा होते. वर हळद, कुंकू, पाण्याचे शिंतोडे. शाई फुटलेली. काकांच्या बोटांना निरांजनाचं तेल. माझा जीव कळवळला. मी पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढून घातले. घामानं कागद खराब होते, म्हणून मी नेहमीच घालतो.

काकांचा चेहरा खुलला.

“हां, हे बरं केलं. तुमच्यातही असतात काही समजदार.”

मले कळायले जरा वेळ लागला. अन् मग डोक्यात अशी तिडीक गेली! हातमोजे मी कागदासाठी घातले होते. या माणसाले वाटलं, पत्राले माझा विटाळ नको म्हणून घातले. अन् हेच काका सुधारकांच्या जयंतीले स्टेजवरून समतेचं भाषण ठोकतात.

पत्र हाताच्या अंतरावर होतं. गपचूप घेतलं असतं तर फोटो निघाला असता. मी हातमोजे काढले.

“काका, हात धुतलेले आहेत. असंच द्या.”

“मग राहू द्या,” ते म्हणाले. पत्र परत देवापुढं गेलं.

फोटो नाही, नक्कल नाही, काहीच नाही माझ्याजवळ. येत्या दसऱ्याले पुन्हा कुंकू पडेल अन् आणखी दोन ओळी जातील. मी इथं हात चोळत बसलो आहो. चीड येते, जेवण जात नाही.

आता कुठंही फोन केला की पहिले आडनाव सांगतो, मग पत्राचं विचारतो. काकांकडंही पुन्हा जाणार, दर वर्षी जाणार. ते पत्र त्यांच्या घरी आलं, पण लिहिलं होतं माझ्या आज्याच्या बापासारख्या पोरांसाठी, त्यांना आत घ्या म्हणून. ते पत्र मी दारात उभा राहून वाचणार नाही.