शेकाची वाळू

इंटरच्या परीक्षेला महिना उरला असताना मी चार-आठ दिवस गावी आलो आणि वडिलांबरोबर शेतात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटायला गेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हात नाजूक झाले असं कोणी म्हणू नये, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ उठली की टाक धरवेना.

आई मला गावातल्या लोहाराकडे घेऊन गेली. भट्टीवर तापवलेली वाळू फडक्यात बांधून तो कोपर शेकायचा. तो तापल्या सळईनं डागही द्यायचा, म्हणून मी आईला आधीच विचारलं.

"नाही रे बापू, फक्त शेक. मी आहो ना संगं."

तीन दिवस शेकच झाला. ऊब आत मुरायची. तिसऱ्या दिवशी मी पानभर लिहिलं आणि आईला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं पानावरून हात फिरवला.

चौथ्या दिवशी तिनं माझं मनगट धरलं. "अरे, तो कोन येऊन राह्यला, पाह्य बरं."

मी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तेवढ्यात कोपरावर तापलेली सळई टेकली. मी ओरडलो, तरी तिनं मनगट सोडलं नाही.

"झालं, झालं," लोहार हसला. "कालेजात गेला तरी कातडं आपलंच राह्यते बे!"

घरी येताना मी विचारलं, "खोटं काऊन सांगतलं?"

"आधी सांगतलं तं डाग लागू होत नाही. मले बी कोनी सांगतलं नोतं." तिनं चोळीची बाही वर सारली. कोपरावरचा तो जुना डाग मी लहानपणापासून पाहत होतो. चुलीचा चटका आहे, असं तीच सांगायची.

जखम पिकली. पट्टी बांधून पेपर लिहिले, प्रत्येक पेपरात शेवटचे प्रश्न लिहायचे राहून गेले. एका विषयात नापास झालो. कळ मात्र पुढे थांबली. शेकानं की डागानं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

दिवाळीला गावी लाकडं फोडताना कोपर पुन्हा दुखलं. आईनं चुलीवर वाळू तापवून पुरचुंडी बांधली. मी हात पुढे केला नाही.

"आत काय हाये, सोडून दाखव," मी म्हणालो.

तिनं गाठ सोडली, वाळू परातीत पसरली आणि त्या गरम वाळूतून स्वतःची बोटं फिरवून दाखवली.