‘ऐकलं का?’ विचारणारे नाना

हार आला, सव्वाशे रुपये. नारळ आला, चाळीस. नळाला पाणी आलं, त्याचे पैसे पाणीपट्टीत भरलेले आहेत.

पण आज पाणी न सांगता आलं.

काल दुपारी जळगावला, दवाखान्यात, नाना गेले.

बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. नाना म्हणजे आमच्या पालिकेच्या रिक्षातून माईकवर पुकारणारे. उद्या पाणी येणार नाही. घरपट्टीत सूट महिनाअखेरपर्यंत. टाक्या, हौद आठवड्यातून एकदा कोरडे करा, डेंग्यूचे डास होतात. पावसाळ्याआधी नालीत कचरा टाकू नका.

पुकारून झालं की रिक्षा लगेच पुढे जायची नाही. नाना विचारायचे, “ऐकलं का?”

आतून कोणी “ऐकलं, नाना” म्हटलं, की मगच रिक्षा हलायची.

त्यांची ती सवय होती. आणि न ऐकताच “ऐकलं” म्हणायची, ही आमची.

काही वर्षांपूर्वीचा एक कानबाईचा रविवार मी विसरू शकत नाही.

खान्देशात श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे गल्लीच्या अक्कांनी, चौरंग मांडला, नारळाला नथ घातली, साडी नेसवली. एकदा आई बसली की बसली. सोमवारी सगळी गल्ली वाजतगाजत तिला नदीवर नेते, तोवर चौरंग जागचा हलत नाही.

आमच्याकडे तर ऊन पडलेलं. वर नाशिककडे पाऊस चालू होता म्हणे. आमचं घर गिरणा नदीकडून दुसरं.

दिवेलागणीला रिक्षा आली. धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्या लोकांनी लगेच शाळेत जावं.

मी पुरण घोटत होते. आतूनच म्हटलं, “ऐकलं, नाना.”

शेजारून पण आलं, “ऐकलं.” समोरून पण. गल्लीभर “ऐकलं, ऐकलं” झालं आणि रिक्षा गेली.

दर पावसाळ्यात नाना हेच पुकारायचे. दर पावसाळ्यात काही व्हायचं नाही.

थोड्या वेळाने नाना दारात उभे. पायी. कोपऱ्यावरून त्यांनी मागे वळून बघितलं होतं, तर एकही माणूस ओट्यावर आलेलं नव्हतं.

माझ्या मोठ्या जाऊबाई थट्टेखोर. म्हणाल्या, “काय नाना, रिक्षाचं पेट्रोल संपलं का?”

नाना हसले नाहीत. माईकशिवाय त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. एवढासा होता.

“नालीकडे बघा,” म्हणाले.

नाली उलटी वाहत होती. नदीकडून आमच्या दाराकडे.

मग जी धावपळ झाली ती झाली. ह्यांनी गॅसची टाकी काढली, जाऊबाईंनी पोरं काढली, मी कागदपत्रांची पिशवी घेतली.

अक्का मात्र चौरंगासमोर मांडी घालून बसलेल्या.

ह्यांनी हात धरला, झिडकारला. जाऊबाई रडायला लागल्या, अक्कांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मी पाया पडून सांगितलं, तर म्हणाल्या, “कानबाई बठेल शे. तिले सोडीसन मी येत नही. तुम्ही जा.”

पाणी ओट्याच्या पहिल्या पायरीला लागलं होतं. उचलून न्यावं तर तेही धाडस होईना. देवीसमोरून म्हाताऱ्या माणसाला ओढायचं कसं?

नानांनी चपला काढल्या. आत आले. आधी कानबाईला हात जोडले, मग अक्कांसमोर खाली बसले. घाई नाही, काही नाही.

“अक्का, दर सालले आपण कानबाईले नदीवर लई जातस ना?”

अक्कांनी कानबाईचा पदर सारखा केला.

“आवंदा नदीच तिले लेवाले ई राह्यनी. आते तिले बसाडी ठेवशात का?”

अक्कांनी एकदा दाराकडे बघितलं. मग पदर खोचला आणि नारळाला हात लावला.

“चाल माय,” म्हणाल्या.

कानबाई अक्कांच्या कडेवर, चौरंग नानांच्या डोक्यावर. आणि हो, पुरणाचं पातेलं मी सोडलं नाही. जाऊबाई अजून चिडवतात.

शाळेच्या वऱ्हांड्यातून मागे बघितलं. आमच्या ओट्यावरची तुळस दिसत नव्हती.

शाळेतच रोटाचा नैवेद्य झाला. कानबाईचा रोट भाऊबंदातच खातात, बाहेर देत नाहीत. अक्कांनी पहिलं पान नानांना वाढलं. चुलत सासरे कुरकुरले, रोट भाऊबंदालाच चालतो म्हणाले.

“मंग हाऊ कोन शे?” अक्का म्हणाल्या.

रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीने काढतात. तेव्हापासून आमच्याकडे दर श्रावणात एक मूठ नानांच्या नावाची निघत आली.

येत्या रविवारी कानबाई. मी गहू निवडून ठेवले होते.

आज सकाळी अक्कांनी गव्हाचा डबा परत वर ठेवायला लावला. सुतकात कानबाई बसत नाही.

“आवंदा नही,” एवढंच म्हणाल्या.

मघाशी रिक्षा येऊन गेली. आता रेकॉर्डिंग लावलंय. बाईचा आवाज आहे, स्वच्छ, शुद्ध. धरण भरत आलंय, पाणी कधीही सोडतील, नदीकाठच्यांनी तयार राहावं. सांगून झालं आणि रिक्षा सरळ पुढे गेली.

कोणी विचारलं नाही.

नाना, ऐकलं हो. कानबाई तुम्हाला आपल्या पायाशी जागा देवो.

आणि नदीकाठी राहणाऱ्यांनो, या पोस्टखाली नुसते हात जोडू नका. कागदपत्रं काढली का, घरातलं म्हातारं माणूस हलवलं का, ते उलट टपाली मला कळवा.

तुमचं उत्तर आल्याशिवाय मी इथून हलणार नाही.